रवळू तांबटाच्या शिवराया

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या अंगाला तांबटांची चार घरं होती. गल्लीत शिरायच्या आधीच ठोक्यांचा आवाज कानात शिरायचा, आणि पाहुणा नवा असेल तर निम्मं बोलणं खुणांनीच उरकायचं. त्यातल्या तिसऱ्या घरात रवळू तांबट राहायचा. अंगानं किडकिडीत, पण आवाज खणखणीत, कारण जन्मभर हातोड्याच्या वर आवाज काढून बोलायची सवय. बायकोच्या कानात गुपित सांगायला गेला तरी ते आधी शेजाऱ्यांना कळायचं. अशा माणसानं एक नाद कित्येक वर्षं जपला आणि गल्लीला त्याचा पत्ता लागला नाही, हे खरं तर नवलच म्हणायचं.

नाद होता जुन्या नाण्यांचा. छंद वगैरे नाजूक शब्द तेव्हा आमच्याकडं कुणी वापरत नसे. माणसाला नाद लागतो, मग तो कुस्तीचा असो, भजनाचा असो नाहीतर आणखी कशाचा. आणि घरातली बाई तो नाद खपवून घेते किंवा घेत नाही, एवढाच प्रश्न असतो. रवळूच्या बायकोनं, अंबुबाईनं, तो खपवून घेतला, कारण ह्या नादाला दारू लागत नव्हती आणि तो घरात बसून करता येत होता.

रवळू मूळचा खानापूरकडचा. बापाचा धंदाही तांबटाचाच, पण त्या रानातल्या गावांत लोक मडक्यात शिजवायचे आणि मडक्यातच पाणी भरायचे, तांब्याला गिऱ्हाईक कुठलं? म्हणून मामानं भाच्याला निपाणीला आणलं. ते साल एकोणीसशे पाच-सहाचं असावं. त्या काळात खेड्यापाड्यांच्या बाजारात राणीछाप पैशाच्या जोडीनं शिवराई अजून चालायची. तांब्याचं जाडजूड नाणं, एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. कुणी ती जमवायची असते असं म्हणालं असतं तर लोकांनी त्याला खुळ्यात काढलं असतं. पैसा खर्चायचा असतो, नाहीतर पुरायचा असतो. जमवून बघत बसायचं म्हणजे काय?

पण व्यवहारातून शिवराई उठत चालली होती. सावकार घेईना, सरकारी कचेरी तर दारातही उभं करीना. मग शेतकरी मूठमूठ शिवराया घेऊन तांबटाकडं यायचे आणि विचारायचे, "ह्यात येक तांब्या हुईल का बघा की." मामा त्या तोलायचा आणि मोडीत टाकायचा. मोड म्हणजे वितळवायचं जुनं तांबं. मात्र मामाच्या घराची एक रीत होती. नाणी मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, घालायची वेळ आली की त्यातलं एक बाजूला काढून ठेवायचं, लक्ष्मी सगळीच्या सगळी जाळू नये म्हणून. पुढच्या खेपेला ते मुशीत जायचं आणि त्याच्या जागी दुसरं निघायचं.

रवळूनं काढलेलं नाणं परत कधी मुशीत टाकलंच नाही. मामानं एकदा दटावलं, दोनदा दटावलं, तिसऱ्यांदा पोरगी दिली. हा भाचा हाताचा कसबी आहे आणि खुळा असला तरी निरुपद्रवी आहे, असा त्यानं हिशेब केला असावा.

रवळूला नाण्यांत काय दिसायचं? अक्षरओळख बेताची, इतिहास ऐकीव. पण हातोडा त्याला कळत होता. तो नाणं उजेडाकडं धरायचा आणि म्हणायचा, "ह्ये बी कुणीतरी माझ्यासारख्यानंच हाणलंय, अंबू. बघ, ठसा कसा सरकलाय. घाईत हुता गडी." एखाद्या शिवराईवर 'श्री' निम्मीच उमटलेली असली तर त्याला त्या कारागिराची कीव यायची, त्या दिवशी मालक अंगावर ओरडला असेल म्हणायचा. शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसांशी त्याची अशी घरगुती ओळख झाली होती. फारशी अक्षरांची नाणी होती, कंपनी सरकारचा तराजूछाप पैसा होता आणि एक हत्तीचं नाणं होतं, म्हैसूरकडून कुणा व्यापाऱ्याच्या कनवटीतून आलेलं. त्या हत्तीवर त्याचा जीव होता. ही सगळी दौलत भात्यामागच्या कोनाड्यात एका चरवीत असायची, काळीनिळी, धुरकटलेली.

वर्षं सरली. मामा गेला, दुकान रवळूचं झालं, मुलगा मारुती हाताशी आला. तोवर शिवराई बाजारातून साफ गेली होती आणि मोडीतही क्वचित दिसायची. आणि जगाची गंमत बघा, वस्तू मिळेनाशी झाली की तिला शौकीन मिळतात! बेळगावात, कोल्हापुरात शिकलेली माणसं आता नाणी जमवू लागली होती. त्यांचा थाट निराळा. मखमल लावलेले खण, जाड भिंगाची काच, पुण्या-मुंबईहून टपालानं येणारी नाणी. कुठल्या नाण्याला काय किंमत, ह्याची छापील पुस्तकंसुद्धा त्यांच्याकडं असत. जुन्या माणसांनी कोनाड्यात ठेवलेलं नाणं आणि ह्या लोकांनी खणात ठेवलेलं नाणं, दोन्ही एकाच टाकसाळीतली, पण त्यांचं नशीब वेगळं झालं.

त्या शौकिनांपैकी एक होते वर्धमान वकील. बोरगावचे जैन, घरची तंबाखूची शेती, वकिली निपाणीत. अर्धं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायची त्यांना खोड होती. माणूस सज्जन, फक्त नाण्यांचा विषय निघाला की पक्षकार बाहेर ताटकळत बसायचे.

दुसऱ्या मोठ्या लढाईचं चौथं की पाचवं वर्ष चालू होतं. तांब्याचा भाव आभाळाला टेकला होता आणि भाव देऊनही तांबं मिळत नव्हतं. भट्टी निम्मा वेळ गार असायची. मारुती काही वाईट पोरगा नव्हता, उलट सगळा प्रपंच तोच ओढत होता. पण आडपडदा त्याला जमायचा नाही. एक दिवस बापाला तोंडावरच म्हणाला, "आप्पा, तुमी हाईसा तवर ती चरवी ऱ्हाऊ द्या. म्या हात लावणार न्हाय. पर तुमच्या मागं म्या ती मुशीत घालणार. खोटं कशाला बोलू? तांबं हाय त्ये."

रवळू रागावला नाही. पोराचं चुकतंय असंही त्याला म्हणता येईना, कारण जन्मभर त्यानं स्वतःही तेच केलं होतं. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली. मरणाचं भय त्याला नव्हतं, आपल्यामागं ती मूस पेटणार ह्याचं होतं. हत्ती वितळताना कसा दिसेल, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

अशात वर्धमान वकील बंब दुरुस्तीला घेऊन आले. बंब बघता बघता त्यांची नजर कोनाड्यात गेली आणि मग बंब राहिला बाजूलाच. चरवी अंगणात उपडी झाली. वकील धोतर सावरून मातीतच बसले, एकेक नाणं दोन बोटांनी कडेला धरून न्याहाळू लागले आणि मधेच कानडीत स्वतःशीच पुटपुटू लागले. रवळूला वाटलं, आपल्या लेकरांचं कौतुक पहिल्यांदाच कुणीतरी करतंय.

"रवळूआण्णा," वकील शेवटी म्हणाले, "वाचनालयात आम्ही काचेचं कपाट करतोय. गावातली जुनी नाणी कायमची तिथं ठेवायची. तुमची द्याल? खाली तुमचं नाव लिहू."

"नाव ऱ्हाऊ द्या. तितनं ती कोण वितळवाय न्हेणार न्हाय न्हवं?"

"कुणाची छाती आहे!"

रवळूनं मान हलवली. दसरा झाला की न्यायला येतो, असं वकिलांनी ठरवलं, आणि उंबऱ्याशी वळून म्हणाले, "आणि काही करू नका हं. आहेत तशीच राहू द्यात."

आता ह्या वाक्याचा अर्थ वकिलांच्या मनात एक होता आणि आमच्या भागात दुसरा होतो. आमच्याकडं पाहुणा 'काही करू नका' म्हणाला की चुलीवर कढई चढते. 'नुसता चहा ठेवा' म्हणाला की शिरा होतो. पाहुण्यानं तसं म्हणायचं आणि यजमानानं ते मनावर घ्यायचं नाही, ही रीतच आहे. जो खरोखरच काही करत नाही, त्याच्या घरी कुणी पोरगी देत नाही. शिवाय रवळू जातीचा तांबट. काळं पडलेलं तांबं दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे त्याच्या लेखी पोरीला न्हाऊमाखू न घालता सासरी पाठवणं.

खंडेनवमीला हत्यारं घासायची असतातच. त्या दिवशी हत्यारांच्या आधी चरवी निघाली. चिंच भिजवली, मीठ आणलं, राख चाळून घेतली. नवरा-बायको समोरासमोर बसून घासत राहिले. अंबुबाईचं अंगठ्याचं कातडं सोललं तरी ती उठेना. मारुतीलासुद्धा गंमत वाटली, त्यानं दोनचार नाण्यांवर हात मारला. संध्याकाळी परातीत मांडली तेव्हा नाणी अशी लालबुंद चकाकत होती, जणू कालच टाकसाळीतून आली. रवळूनं हळदीकुंकू वाहिलं आणि वर एक झेंडूचं फूल ठेवलं. त्याच्या उभ्या जन्मातली ही सगळ्यांत देखणी परात होती.

दसऱ्यानंतर वकील मखमलीचा डबा घेऊन आले. रवळूनं परातीवरचं फडकं काढलं आणि वकिलांच्या तोंडाकडं बघत उभा राहिला.

वकिलांचा चेहरा पडला. ते खाली बसले, एक शिवराई उचलली, दुसरी उचलली.

"कुणी केलं हे?"

"म्याच की!" रवळू छाती काढून म्हणाला. "हिनं बी लई हात मोडून घेतलं. आता कशी दिसत्यात?"

खोटं बोलणं वकिलांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी हळूहळू सांगितलं की नाण्यावर जो काळानिळा रंग चढतो तो मळ नव्हे, ती त्याच्या वयाची साय असते. ती गेली की नाणं जाणत्याच्या दृष्टीनं सोललेल्या फळासारखं होतं. जी अक्षरं आधीच झिजलेली होती ती राखेनं पुरती गेली. कपाटासाठी बेळगावहून जाणकार मंडळी येऊन नाणी पारखणार होती, ती ही घेणार नाहीत. "मीच नीट सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तरी मी माझ्या घरी ठेवून घेतो, रवळूआण्णा. माझ्यासाठी द्या."

ते मनापासून म्हणत होते, पण त्यात दया होती आणि रवळूला ती ऐकू आली. "नगं, वकीलसाब," तो म्हणाला. "तुमच्या खणात ह्यांची सोयरीक जुळायची न्हाय." वकिलांनी अंबुबाईनं केलेला शिरा कसाबसा गिळला आणि रिकामा डबा घेऊन गेले. रवळू परातीशी बसून राहिला. हातोड्याचा धनी, पण स्वतःच्या दोन्ही हातांची त्याला त्या दिवशी शिसारी आली. अंबुबाईनं दोनदा हाक मारली, तरी तो उठला नाही.

मारुती आला, बापाजवळ टेकला आणि म्हणाला, "मग आता काय करायचं ह्येचं?" त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती, पण परातीकडं बघताना त्याची नजर आपोआप वजन करत होती. रवळू म्हणाला, "दिवाळीपातुर थांब."

दिवाळीनंतर काय करणार होता, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी सरकारनं तांबं वाचवायला नवा पैसा काढला होता, मधोमध भोक पाडलेला. सुटी नाणी तर बाजारातून अशी गायब झाली होती की विडीवाले चिठ्ठ्या देऊन भागवायचे. जगात सगळ्यांनाच नाणी दडवायचा नाद लागला होता म्हणा ना. चांदीचा रुपया कुणाच्या दृष्टीस पडत नव्हता. मग लक्ष्मीपूजनाला पाटावर ठेवायचं काय? भोकाचा पैसा? फाटका खण देवीला चालत नाही, फुटका नारळ चालत नाही, आणि हा तर जन्मतःच फुटका.

शेजारची शालूबाई विड्या वळायची. ती दिवाळीच्या तोंडावर गळकी समई डाग देऊन सांधायला घेऊन आली आणि परात बघून दारातच थबकली.

"अगं बाई! आण्णा, ही लक्ष्मी कुठनं आणलासा?"

"लक्ष्मी कसली? मोड हाय ती," रवळू तुसड्यासारखा बोलला.

"मोड म्हणू नगासा. 'श्री' हाय की हिच्यावर! किती लखलखतीया." शालूबाईनं एक शिवराई उचलून डोळ्यांना लावली. "मला येक द्या की. माझ्याकडं भोकाचाच पैसा हाय, त्यो काय मी देवात ठिऊ व्हय?"

रवळू तिच्याकडं बघतच राहिला. मग खेकसल्यासारखा म्हणाला, "इकणार न्हाईस?"

"देवातलं कोण इकतंय?"

"मोडीत घालणार न्हाईस?"

"काय बोलतासा आण्णा, जीभ झडंल माझी!"

रवळूनं परातीत हात घातला, शिवराया बाजूला सारल्या आणि तळातलं हत्तीचं नाणं काढून तिच्या हातावर ठेवलं. शालूबाई म्हणाली, "ह्येच्यावर हत्ती हाय, लक्ष्मीचा," आणि पदराच्या गाठीला बांधून गेली.

दुसऱ्या दिवशी दारात चार बायका, दिवाळीपर्यंत सगळी गल्ली आणि पलीकडची आळी. पैसे घ्यायला रवळूनं साफ नकार दिला. मारुतीनं "निदान तांब्याचा भाव तरी घ्या" म्हणून बघितलं, तर बापानं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो मुकाट्यानं ठोके घालायला बसला. प्रत्येकीला रवळू एकच अट घालत होता, देवात ठेवायचं आणि देवातून काढायचं नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी परात रिकामी झाली आणि ती अंबुबाईनं धुऊन पालथी घातली. जन्मभराचा संग्रह मोडला होता. पण मुशीत एकही नाणं गेलं नव्हतं.

पुढं रवळूनं एक नवाच उद्योग लावून घेतला. दुपारी काम आटोपलं की टोपी घालायचा आणि बायकोला सांगायचा, "जरा बघून येतो." मग शालूबाईच्या घरी, तिथनं पलीकडं, तिथनं आणखी पुढं. जायचा, देवापुढं बसायचा, आपलं नाणं ओळखायचा. "ही बघ घाईतल्या गड्याची," म्हणायचा. बायकाही त्याला ओळखून होत्या. आण्णा देवदर्शनाला आला की चहा टाकायच्या. वकिलांनाही त्यानं एकदा बरोबर नेलं. सोवळ्यातल्या देवाला हात लावता येईना, म्हणून बिचारे वकील हात मागं बांधून, मान वाकडी करकरून नाणी बघत होते. हळदीकुंकवाचा नवा थर चढून ती पुन्हा काळवंडायला लागली होती. त्यावर दोघंही खूश झाले, आपापल्या कारणानं.

पण एक शंका रवळूच्या मनातून जात नव्हती. आपण आहोत तोवर बायका शब्द पाळतील, भिडेनं का होईना. आपल्या मागं कुणाला अडचण आली, तर देवातला पितळेचा बाळकृष्णसुद्धा मोडीत निघतो, मग नाण्याची काय कथा? आणि ह्या बायकांची मोड येणार कुणाच्या दारात? मारुतीच्याच.

सत्तेचाळीस सालच्या श्रावणात, गावभर झेंडे लागून चार दिवस झाले असतील, पलीकडच्या आळीतली राजाबाई भांडी घेऊन दुकानात आली. नवरा वारलेला, पोरगा तापानं अंथरुणाला खिळलेला. दोन घागरी, एक तपेलं, आणि तपेल्याच्या तळाशी एक शिवराई. मारुतीनं सगळं तराजूत घातलं. रवळू आत भात्याशी बसला होता. त्याला ती शिवराई पारड्यात दिसली. पण तो जागचा हलला नाही. एकदा ना एकदा हे व्हायचंच होतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखतच व्हावं.

मारुतीनं पारड्यातून शिवराई उचलली.

"काकू, ह्ये देवातलं न्हवं?"

"व्हय रं बाबा," राजाबाईला रडू आलं. "देवच इकायची पाळी आलीया. घे, कर वजन."

"भांड्यांचं वजन करतो. ह्ये म्या घेणार न्हाय." त्यानं ते नाणं धोतराला पुसलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची मूठ मिटली. "माझा बा ह्येला बघाय येतोय तुमच्या घरात. उद्या आला आणि जाग्यावर न्हाय दिसलं, तर काय सांगशीला? जावा, जिथं हुतं तिथं ठेवा."

राजाबाई पैसे आणि शिवराई घेऊन गेली. मारुतीनं भांडी मोडीच्या ढिगात टाकली आणि काहीच झालं नाही अशा रीतीनं कामाला लागला.

रवळू उठून स्वयंपाकघरात गेला आणि चुलीजवळ उकिडवा बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायची शुद्ध त्याला नव्हती.

"अंबू," तो म्हणाला, "आता म्या मेलो तरी चालतंय बघ."

अंबुबाईनं सगळं ऐकलं होतं. तिचेही डोळे ओले होते, पण तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मरा सावकाश. आदी जेवा, आणि पोराला बी हाक मारा. त्यानं सकाळधरनं काय खाल्लं न्हाय."